केळ्याच्या वासाचा एस्टर : आयसोअमाइल ॲसिटेटचे गुणधर्म आणि प्रयोगात अडणाऱ्या गोष्टी

प्रश्न थोडक्यात असा आहे. १५ मिली आयसोअमाइल अल्कोहोल, २० मिली ग्लेशियल ॲसेटिक आम्ल आणि थोडे संहत सल्फ्युरिक आम्ल एकत्र करून तासभर रिफ्लक्स केले, म्हणजे वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्ये पडेल अशा रीतीने उकळले. थंड झाल्यावर मिश्रण ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटच्या २५ मिली द्रावणाने धुतले आणि ऊर्ध्वपातन केले. १३४ ते १४० अंश सेल्सिअसला ११ ग्रॅम द्रव मिळाला. केळ्याचा वास स्पष्ट येतो, पण त्यामागे आंबट झाकही आहे आणि द्रव किंचित गढूळ दिसतो. पुस्तकात उत्कलनांक १४२ दिला आहे. मग हा आयसोअमाइल ॲसिटेटच आहे का, उत्पादन इतके कमी का, दोन उग्र वासाच्या द्रवांपासून गोड वासाचा पदार्थ कसा तयार होतो आणि तो हुंगत राहणे सुरक्षित आहे का?

हा आयसोअमाइल ॲसिटेटच आहे, फक्त अजून शुद्ध झालेला नाही. एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारी संयुगे, बनवणे आणि वासाच्या मिश्रणांसाठी ती तपासणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. या रेणूबद्दल मला मनापासून वाटते की त्याचे गुणधर्म तक्ता पाठ करून लक्षात ठेवायची गरज नाही. रेणूत काय उरले आणि काय निघून गेले एवढे नीट पाहिले तर बहुतेक आकडे आपोआप समजतात. वास तेवढा अपवाद आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

ॲसेटिक आम्लात ओ–एच गट असतो आणि अल्कोहोलातही असतो. अभिक्रियेत आम्लाचा ओएच आणि अल्कोहोलाचा हायड्रोजन मिळून पाणी बाहेर पडते. आम्लाचाच ऑक्सिजन पाण्यात जातो, हा नुसता अंदाज नाही. रॉबर्ट्स आणि युरी यांनी १९३८ मध्ये जड ऑक्सिजन असलेले मेथॅनॉल बेंझॉइक आम्लाबरोबर वापरले, तेव्हा तो जड ऑक्सिजन एस्टरमध्ये सापडला, पाण्यात नाही. म्हणजे अल्कोहोलाचा ऑक्सिजन एस्टरमध्येच राहतो. उरलेल्या रेणूत सात कार्बन, चौदा हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन असतात आणि त्याचे रेणुवस्तुमान १३०.१९ असते. त्यात एकही ओ–एच शिल्लक राहत नाही.

ही एक अनुपस्थिती फार मोठी आहे. ओ–एच नसल्यामुळे एस्टरचे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंध जोडू शकत नाहीत. पाण्याकडून आलेला हायड्रोजन बंध ते ऑक्सिजनवर स्वीकारतात, पण स्वतःकडून देण्यासारखा हायड्रोजन त्यांच्याजवळ नसतो. याचा परिणाम पाहायचा असेल तर तुलना योग्य जोडीशी करायला हवी. ॲसेटिक आम्ल ११८ अंशांना उकळते आणि हा एस्टर १४२ ला, हे पाहून काहींना एस्टर जास्त घट्ट बांधलेला वाटतो. पण ॲसेटिक आम्लाचा रेणू निम्म्याहून लहान आहे. हेप्टॅनॉइक आम्लाचे रेणुसूत्र अगदी आपल्या एस्टरचेच आहे, तेच सात कार्बन आणि तेच दोन ऑक्सिजन. ते सुमारे २२३ अंशांना उकळते. अणू तितकेच, वजन तेवढेच आणि फरक ८० अंशांचा. तो जवळजवळ सगळा हायड्रोजन बंधांमुळे पडतो.

पाण्यातली विद्राव्यताही याच कारणाने कमी आहे. एका लिटर पाण्यात साधारण २ ग्रॅम एस्टर विरघळतो. दोन ऑक्सिजन पाण्याशी थोडेफार जुळवून घेतात, पण पाच कार्बनांची फांदीदार शेपटी पाण्याला नको असते. घनता ०.८७ ग्रॅम प्रति मिली असल्याने एस्टर पाण्यावर तरंगतो आणि सेपरेटिंग फनेलमध्ये वरचा थर त्याचा असतो. अल्कोहोल, ईथर, हेक्झेन यांत मात्र तो सहज मिसळतो. नायट्रोसेल्युलोज तर तो इतका छान विरघळवतो की लॅकर आणि वॉर्निशच्या धंद्यात त्याला दीर्घकाळ मागणी राहिली.

आता उत्पादनाकडे. घनता धरून हिशेब केला तर १५ मिली आयसोअमाइल अल्कोहोल म्हणजे ०.१३८ मोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचे एकक) आणि २० मिली ॲसेटिक आम्ल म्हणजे ०.३५ मोल. सगळे अल्कोहोल बदलले असते तर १७.९ ग्रॅम एस्टर मिळाला असता. पण फिशर आणि श्पायर यांनी १८९५ मध्ये मांडलेली ही पद्धत समतोलावर थांबते, म्हणजे एस्टर बनण्याचा आणि परत फुटण्याचा वेग सारखा होतो तिथे. समतोल स्थिरांक साधारण ४ आहे. आम्ल आणि अल्कोहोल सारख्या मोलांत घेतले असते तर दोन तृतीयांशच बदलले असते. तुम्ही आम्ल अडीच पट घेतले, त्यामुळे गणित सोडवल्यावर समतोल ८८ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे पावणेसोळा ग्रॅम. सल्फ्युरिक आम्ल थोडे पाणी धरून ठेवते म्हणून प्रत्यक्षात त्याहून किंचित पुढे जाता येते. समतोल कुठे बसणार हे उत्प्रेरक, म्हणजे इथे सल्फ्युरिक आम्ल, ठरवत नाही, तिथे किती लवकर पोहोचायचे एवढेच तो ठरवतो. हे वाक्य पुस्तकात सगळे वाचतात, पण उत्पादन कमी आले की हात पुन्हा सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीकडेच जातो. त्याचा उपयोग नाही, उलट मिश्रण काळपट पडते. समतोल खरोखर पुढे ढकलायचा असेल तर पाणी बाहेर काढावे लागते. १९२० मध्ये डीन आणि स्टार्क यांनी वर्णन केलेला सापळा त्यासाठीच वापरतात.

अल्कोहोल जास्त न घेता आम्लच का जास्त घ्यायचे, हेही इथे सांगायला हवे. उरलेले आम्ल पाण्याने आणि बायकार्बोनेटने धुऊन काढता येते. उरलेले अल्कोहोल पाण्यात फारसे जात नाही, आणि १३१ अंशांना उकळत असल्याने ऊर्ध्वपातनातही एस्टरला चिकटून राहते. म्हणजे जे काढायला अवघड ते संपवायचे आणि जे काढायला सोपे ते जास्त घ्यायचे. प्रयोग आखताना हा विचार जवळजवळ प्रत्येक वेळी कामाला येतो.

मिळाले ११ ग्रॅम, म्हणजे ६१ टक्के. एवढ्या लहान प्रमाणावर हे उत्पादन वाईट नाही. पाण्याने धुताना फार गेले असेल असे वाटत असेल तर ते तसे नाही. १०० मिली पाण्यात एस्टर जातो तो ०.२ ग्रॅमच्या आसपास. खरी गळती फ्लास्कच्या बुडाशी, कंडेन्सरच्या भिंतीवर आणि पाण्याबरोबर आधी निघालेल्या भागात होते. पाणी आणि हा एस्टर एकत्र असले तर दोघे मिळून १०० अंशांच्या आतच उकळतात. म्हणून ओला एस्टर ऊर्ध्वपातनाला लावला की पहिला भाग गढूळ येतो आणि त्यात बराच एस्टरही निघून जातो. तुमच्या द्रवाचा गढूळपणा म्हणजे हेच उरलेले पाणी.

आंबट वासाचे कारण मात्र धुण्याच्या गणितात आहे. सगळ्या प्रश्नांत मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समतोलानंतर मिश्रणात सुमारे ०.२३ मोल ॲसेटिक आम्ल उरलेले असते, शिवाय सल्फ्युरिक आम्ल वेगळे. ५ टक्के बायकार्बोनेटच्या २५ मिलीमध्ये बायकार्बोनेट किती? सव्वा ग्रॅम, म्हणजे ०.०१५ मोल. उरलेल्या आम्लाचा पंधरावा हिस्साही त्याने उदासीन होत नाही. फसफस भरपूर होते, बुडबुडे थांबतात, आणि काम झाले असे वाटते. वास्तविक आम्ल संपलेले नसते, बायकार्बोनेट संपलेले असते. केवळ बायकार्बोनेटनेच सगळे आम्ल काढायचे ठरवले तर जवळपास ४०० मिली द्रावण लागेल.

म्हणून क्रम असा ठेवावा की आधी ५० मिली थंड पाण्याने धुवायचे. ॲसेटिक आम्ल पाण्यात पूर्ण मिसळते, त्यामुळे त्याचा मोठा भाग या पहिल्या धुण्यातच जातो. मग बायकार्बोनेटने दोन किंवा तीनदा धुवायचे, आणि दर वेळी खालच्या जलीय थराचा थेंब लिटमसवर पाहायचा. निळा लिटमस लाल होत असेल तर अजून आम्ल आहे. जलीय थर किंचित आम्लारिधर्मी लागला की थांबायचे. बंद फनेल हलवताना कार्बन डायऑक्साइडचा दाब पटकन वाढतो. सुरुवातीला झाकण न लावता नुसते ढवळावे, आणि नंतरही एकदा-दोनदा हलवले की फनेल उलटे धरून तोटी उघडावी. शेवटी मिठाच्या संपृक्त द्रावणाने धुतले की एस्टरमधले बरेच पाणी निघते आणि दोन थरांतली सीमा स्वच्छ होते.

बायकार्बोनेटऐवजी तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड वापरून काम लवकर उरकावे असे मनात येऊ शकते, पण ते टाळा. आम्लाच्या उपस्थितीत होणारे जलविच्छेदन, म्हणजे पाण्याने एस्टर फुटून परत आम्ल आणि अल्कोहोल होणे, दोन्ही बाजूंनी चालते. अल्कलीत मात्र तयार होणारे ॲसेटिक आम्ल लगेच ॲसिटेट आयन बनते, आणि तो आयन अल्कोहोलाशी परत जोडला जात नाही. अल्कलीतल्या या फुटण्याची, म्हणजे साबणीकरणाची, वाट एकेरी असते. काही मिनिटांच्या धुण्यात सगळा एस्टर फुटणार नाही हे खरे, पण कष्टाने बनवलेला पदार्थ असा कशाला गमवायचा. हाच गुणधर्म ओळख पटवायलाही वापरतात. एस्टरमध्ये सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडचे थोडे थेंब आणि फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक) घालून गरम केले की गुलाबी रंग हळूहळू उडतो, कारण अल्कली खर्च होत जाते. आम्ल शिल्लक असलेल्या नमुन्यावर मात्र ही चाचणी फसवते. तिथे रंग आम्लामुळेच उडतो.

उत्कलनांक १३४ पासून का सुरू झाला? पहिले कारण वर आलेच : ११८ ला उकळणारे आम्ल, १३१ ला उकळणारे अल्कोहोल आणि थोडे पाणी, तिन्ही सुरुवातीच्या भागात येतात. दुसरे कारण बाटलीतच असते. बाजारात मिळणाऱ्या आयसोअमाइल अल्कोहोलात बहुधा २-मिथिलब्युटॅनॉल हा समघटक (रेणुसूत्र तेच, पण रचना वेगळी) मिसळलेला असतो. त्याचा ॲसिटेट थोड्या कमी तापमानाला उकळतो आणि नेहमीच्या ऊर्ध्वपातनात वेगळा होत नाही. त्यामुळे १३६ ते १४२ असा पट्टा आला तरी माझ्या मते चिंतेचे कारण नाही. तिसरी गोष्ट थर्मामीटरची. त्याचा फुगा बाजूच्या नळीच्या तोंडाच्या किंचित खाली असायला हवा. तो वर राहिला तर वाफेचे तापमान कमी दिसते. समुद्रसपाटीपासून उंचीवर असाल तर हवेचा दाब कमी असल्यानेही आकडा खाली येतो.

इन्फ्रारेड वर्णपट, म्हणजे रेणूतले बंध कोणता अवरक्त प्रकाश शोषतात याचा आलेख, मिळाला तर शंकाच राहत नाही. १७४० प्रति सेंटीमीटरच्या आसपास कार्बोनिलची (कार्बन–ऑक्सिजन दुहेरी बंधाची) तीव्र रेघ आणि १२४० जवळ ॲसिटेटची रुंद, ठळक रेघ ही एस्टरची खूण आहे. ३३०० ते ३४०० च्या भागात काय दिसते ते आधी पाहा. तिथे रुंद फुगवटा असेल तर अल्कोहोल किंवा पाणी राहिले आहे. तो भाग सपाट असेल तर वर म्हटलेली ओ–एचची अनुपस्थिती कागदावर उतरली असे समजा.

आता वास. दोन उग्र द्रवांपासून गोड वास कसा, या प्रश्नाचे अर्धे उत्तर नक्की देता येते. ओ–एच गेल्याने रेणू हलका सुटतो, बाष्पदाब पुरेसा असतो आणि तो नाकापर्यंत सहज पोहोचतो. नाकातल्या ग्राहक प्रथिनांना तो आम्लापेक्षा अगदी वेगळा दिसतो. या ग्राहकांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक काम करतात. एक रेणू अनेक ग्राहकांना कमी-जास्त चेतवतो आणि त्या एकत्रित आकृतीला मेंदू केळे म्हणतो. पण रेणूची रचना पाहून वास आधीच सांगता येईल असा भरवशाचा नियम नाही. एथिल ब्युटिरेट अननसासारखा आणि बेंझिल ॲसिटेट मोगरा-जाईसारखा वास देतो. ब्युटिरिक आम्ल स्वतः खवट लोण्यासारखे घाण वास मारते, आणि त्याचाच एथिल एस्टर इतका सुरेख, हे मला आजही विलक्षण वाटते.

‘एस्टर म्हणजे फळांचा वास’ हे समीकरण मात्र अर्धवट आहे. तेल आणि चरबीही एस्टरच आहेत, पण त्यांचे रेणू इतके जड असतात की ते हवेत उडतच नाहीत. एथिल ॲसिटेट नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास देतो. वासासाठी रेणू लहान हवा, पण फार लहानही नको, आणि आयसोअमाइल ॲसिटेट त्या मधल्या पट्ट्यात बसतो.

प्रमाणाचा परिणामही मोठा आहे. बाटलीचे झाकण उघडून थेट नाक लावले तर केळे कमी आणि रंगाच्या डब्यासारखा द्रावकाचा वास जास्त येतो. एक थेंब भरपूर पातळ केला की केळे आणि पेअर उमलतात. वास तपासायचा असेल तर कागदी पट्टीचे टोक एस्टरमध्ये बुडवून मिनिटभर हवेत धरा आणि मग हुंगा. दोन-चार वेळा हुंगल्यावर नाक थकते. त्यानंतर ‘आंबट वास गेला’ हा निष्कर्ष विश्वासाचा राहत नाही. लिटमसवर भरवसा ठेवा.

तरी या एस्टरचा वास खऱ्या केळ्यापेक्षा सपाट का वाटतो? कारण पिकलेल्या केळ्यात हा मुख्य सूर असला तरी एकटा नसतो. आयसोब्युटिल ॲसिटेट, ब्युटिरिक आम्लाचे एस्टर आणि लवंगेतले युजेनॉलसुद्धा त्यात असते. प्रयोगशाळेतला रेणू आणि फळातला रेणू यांत मात्र काडीचाही फरक नाही. यीस्ट हाच रेणू ल्यूसीन या अमिनो आम्लापासून बनवते. आधी आयसोअमाइल अल्कोहोल तयार होते, मग एक विकर त्याला ॲसिटिल गट जोडते. काही गव्हाच्या बिअरना केळ्याचा वास येतो तो यामुळेच. कृत्रिम फलस्वाद म्हणून त्याची ओळख जुनी आहे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात अल्कोहोलात पातळ केलेला हा एस्टर ‘पेअर ऑइल’ म्हणून मांडलेला होता.

निसर्गात त्याचे आणखी एक काम आहे. मधमाशीच्या नांगीजवळच्या भागात हाच एस्टर असतो, हे १९६२ मध्ये दाखवले गेले. एक माशी डंख मारते तेव्हा तो हवेत सुटतो आणि इतर माश्यांना धोक्याचा इशारा मिळतो. म्हणून प्रयोगशाळेच्या खिडकीजवळ पोळे असेल तर हा प्रयोग खिडक्या बंद करून धूरकपाटातच करा, आणि कपड्यांवर एस्टर सांडला असेल तर पोळ्याजवळ जाऊ नका.

सुरक्षिततेचा प्रश्न विषारीपणापेक्षा आगीचा जास्त आहे. फ्लॅश पॉइंट सुमारे २५ अंश आहे, म्हणजे उबदार खोलीत द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेऊ शकेल एवढी वाफ असते. ही वाफ हवेच्या साडेचार पट जड असल्याने टेबलावरून खाली उतरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. ऊर्ध्वपातन बर्नरवर करू नका, हीटिंग मँटल किंवा तेलाचे तापपात्र वापरा. हा द्रव इतका एकसारखा जळतो की १८८४ मध्ये हेफ्नर-आल्टेनेक यांनी प्रकाशमापनासाठी बनवलेल्या दिव्यात तेच इंधन होते. ४० मिलीमीटर उंचीची त्याची ज्योत पुढे जर्मनीत प्रकाशतीव्रतेचे एकक म्हणून वापरली गेली.

श्वासाबाबत सांगायचे तर कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी अमेरिकेत १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आणि युरोपीय संघात ५० पीपीएम ही मर्यादा आहे. वास त्याच्या कितीतरी खालीच येतो, त्यामुळे वास आला म्हणजे धोका झाला असे नाही. श्वसनमास्क चेहऱ्यावर नीट बसला आहे का हे तपासायलाही हा एस्टर वापरतात. मास्क घातल्यावर केळ्याचा वास आला तर कुठेतरी फट आहे. मात्र जास्त वाफेत डोळे आणि घसा चुरचुरतो, डोके दुखते, गुंगीसारखे वाटते. खाद्य स्वादात तो चालतो म्हणून तुम्ही बनवलेला नमुना चाखायचा नाही, कारण त्यात सल्फ्युरिक आम्लाचे अंश आणि अनोळखी अशुद्धी असू शकतात.

आता तुमच्याकडे असलेल्या ११ ग्रॅमचे काय करायचे? ते पुन्हा फनेलमध्ये घ्या, २० मिली पाण्याने एकदा आणि बायकार्बोनेटने लिटमस सांगेल तितक्या वेळा धुवा, मग मिठाच्या द्रावणाने. कोरड्या फ्लास्कमध्ये निर्जल मॅग्नेशियम सल्फेट किंवा सोडियम सल्फेट घालून पंधरा-वीस मिनिटे ठेवा. खडे एकमेकांना चिकटून गोळा होत असतील तर अजून थोडे घाला. काही खडे सुटे फिरू लागले आणि द्रव काचेसारखा स्वच्छ झाला की गाळून घ्या. ऊर्ध्वपातनाची सगळी काच कोरडी असू द्या, १३६ च्या आधीचा भाग वेगळा ठेवा आणि १३६ ते १४२ चा भाग वजन केलेल्या बाटलीत गोळा करा. फ्लास्क पूर्ण कोरडा होईपर्यंत तापवू नका. बाटली काचेची आणि झाकणाचे अस्तर टेफ्लॉनचे असावे. साधे रबर या द्रवात फुगते आणि पॉलिस्टायरीन मऊ पडून विरघळते. पाणी आणि आम्ल दोन्ही खरोखर निघाले असतील तर तो वर्षभरानंतरही तसाच राहील. आम्लाचा अंश आणि ओलावा राहिला असेल तर जलविच्छेदन हळूहळू चालू राहते, आणि काही महिन्यांनी झाकण उघडल्यावर पुन्हा व्हिनेगरचा वास येतो.